एमएक्स-५ चे शॉक घरच्या घरी बदलताना

माझदाची एमएक्स-५ ही दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात ती आरंभी युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली आणि मी राहतो त्या इंग्लंडात ती १९९० पासून नुसती एमएक्स-५ आहे. भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकायला आली नाही. पण नोकरीनिमित्त इकडे आलेल्या आणि तरुणपणी राहून गेलेली हौस चाळिशीत भागवणाऱ्या मराठी माणसांच्या दारात ती अधूनमधून दिसते, कारण साध्या पान्यांनी उघडणारी आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येणारी अशी ही गाडी आहे. हा लेख तिच्या पहिल्या दोन पिढ्यांपुरता आहे: वर येणाऱ्या दिव्यांची १९८९ ते १९९७ ची एनए आणि स्थिर दिव्यांची १९९८ ते २००५ ची एनबी. या दोन्हींच्या चारही चाकांना दुहेरी विशबोनची मांडणी आहे. म्हणजे चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मांमध्ये धरलेले असते, आणि स्प्रिंगच्या पोटातून गेलेला शॉक खालच्या आर्मला पकडून वर थेट गाडीच्या सांगाड्याला भिडतो.

आपल्याकडच्या गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात तो हा शॉक गाडीचे वजन पेलत नाही. वजन पेलते ती स्प्रिंग, आणि त्या स्प्रिंगला आवरण्याचे काम शॉकचे. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळून परत येते आणि मोकळी सोडली तर कितीतरी वेळ वरखाली झुलत राहते. शॉकमधला दट्ट्या तेलातून सरकतो तेव्हा ते तेल बारीक झडपांमधून ढकलले जाते आणि त्या उसळीतली ताकद उष्णता होऊन जिरते. तेल गळाले किंवा झडपा झिजल्या की चाक रस्त्याला टेकून राहण्याऐवजी उड्या मारू लागते. जेमतेम टनभर वजनाच्या या गाडीत तो फरक वळणावर लगेच कळतो, विशेषतः वळण ओबडधोबड असेल तर.

शॉक गेले आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन तो दाबावा आणि एकदम सोडावा. कोपरा वर येऊन थांबला तर ठीक. तो वर येऊन पुन्हा खाली गेला आणि आणखी एकदा वर आला तर शॉकमध्ये दम उरलेला नाही. ही परीक्षा ढोबळ आहे आणि अर्धवट थकलेला शॉक तीत सहज उत्तीर्ण होतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. चाकामागे विजेरी मारून शॉकच्या अंगाकडे पाहावे. दांडीच्या मुळाशी धूळ धरलेला किंचित ओलसर पट्टा असणे वेगळे, आणि तेलाचे ओघळ खालपर्यंत आलेले असणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात इथल्या वार्षिक एमओटी तपासणीतही गाडी नापास होते. टायरवरून तळहात फिरवून पाहावा; रबर एकसारखे न झिजता ठिकठिकाणी खोलगट झाले असेल तर ते चाक बराच काळ उड्या मारत आले आहे असे समजावे.

या कामाला नवशिक्या माणूस घाबरतो तो शॉकला, आणि खरे तर शॉक बदलणे यात सर्वांत सोपे आहे. भीती बाळगायची ती दोन गोष्टींची, गाडी उचलण्याची आणि दाबलेल्या स्प्रिंगची. तिसऱ्या एका गोष्टीला कोणी घाबरत नाही आणि चूक हटकून तिथेच होते. ती म्हणजे शेवटचे बोल्ट आवळण्याची वेळ. माझी पहिल्या खेपेची फजिती याच गोष्टीपायी झाली, तिचा हिशेब पुढे येईलच.

आधीची तयारी

शॉक नेहमी जोडीने बदलावेत, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. आणि गाडी वीस-पंचवीस वर्षांची असेल तर चारही. एक नवा आणि एक थकलेला शॉक एकाच धुऱ्यावर असला तर गाडी डावीकडे एक वागते आणि उजवीकडे दुसरेच. कायाबाचे साधे, कोनीचे कमीजास्त करता येणारे आणि बिलस्टाइनचे एकनळी शॉक या गाडीसाठी मिळतात. रोजच्या रस्त्यावर मूळ स्प्रिंगांसह चालवायची असेल तर साधे दोननळी शॉक पुरेसे आहेत, असे माझे मत आहे. अतिकडक शॉकने गाडी चपळ होत नाही, फक्त मणक्याला कळते.

शॉकबरोबरच धक्कारोधक फोम, धुळीपासून बचाव करणारी रबरी टोपणे आणि वरच्या माउंटातले, म्हणजे शॉकचा माथा सांगाड्याला धरणाऱ्या बैठकीतले, रबर हेही मागवून ठेवावे. एनए गाडीचा मूळ फोम इतक्या वर्षांनी बोटांत धरला की पोह्यांसारखा चुरा होतो, आणि ते शॉक उघडल्यावरच दिसते. तेव्हा दुकान बंद असते आणि गाडी स्टँडवर असते. एनएच्या मालकांनी एनबीचे वरचे माउंट घेण्याचा विचार अवश्य करावा, कारण त्यांनी शॉकला दाबले जाण्यासाठी थोडी अधिक जागा मिळते.

हत्यारांत दोन टनांचा चाकांवर सरकणारा जॅक, चांगल्या प्रतीचे किमान दोन आणि शक्यतो चार स्टँड, चाकांसाठी लाकडी पाचरी, बारा ते एकवीसपर्यंतचे सॉकेट, लांब दांड्याचा पाना, एक-दोन एक्स्टेन्शन, मान वळणारा सांधा, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराइतकेच आवळू देणारा), आणि स्प्रिंग दाबण्याच्या आकड्यांची जोडी लागते. चाकाच्या नटांना एकवीसचा, शॉकच्या वरच्या नटांना चौदाचा आणि खालच्या बोल्टला सतराचा सॉकेट लागतो. स्प्रिंगचे आकडे स्वस्तातले घेऊ नयेत. इथे हत्यारे भाड्याने मिळतात. वर्षातून एकदाही न लागणारे हत्यार विकत घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा चांगले भाड्याने आणणे शहाणपणाचे. गाडीच्या कार्यशाळा-पुस्तिकेची प्रत जवळ असावी, कारण बोल्ट किती आवळायचा याचा शेवटचा शब्द तिचा. खाली दिलेले आवळण्याच्या जोराचे आकडे अंदाज यावा म्हणून आहेत, आणि वर्षागणिक थोडा बदल असू शकतो.

इंग्लंडातल्या हिवाळ्यात बर्फ गोठू नये म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि ते मीठ गाडीच्या पोटाखालच्या प्रत्येक आट्यात जाऊन बसते. म्हणून काम शनिवारी करायचे असेल तर बुधवारपासूनच रोज संध्याकाळी प्रत्येक नट-बोल्टावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारावा. तेल मारून पाच मिनिटांत पाना लावणाऱ्याचा बोल्ट तुटतो, आणि तीन दिवस धीर धरणाऱ्याचा बहुधा सुटतो. पुण्यात किंवा दुबईत हे दिवस वाचतील, पण सवय वाईट नाही.

आणखी एक काम उचलण्याच्या आधी करायचे आहे, आणि ते विसरले तर शेवटी पंचाईत होते. गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी असताना प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून त्याच्या वरच्या कमानीच्या काठापर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजावे आणि चारही आकडे चिकटपट्टीवर लिहून त्या त्या चाकावरच्या पत्र्याला लावावेत.

गाडी उचलणे

जागा सपाट आणि कठीण असावी. विटांची फरशी किंवा काँक्रीट चालेल. उन्हाने मऊ झालेले डांबर चालणार नाही, कारण त्यात स्टँडचे पाय रुततात. पुढची बाजू उचलायची तर मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावाव्यात, हँडब्रेक ओढावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव आटा सैल करून घ्यावेत. जॅक पुढे इंजिनाखालच्या आडव्या क्रॉसमेंबरच्या मध्यभागी लागतो आणि मागे डिफरेन्शियलच्या खोक्याखाली. तेलाच्या चेंबरखाली जॅक कधीही लावू नये.

स्टँड कडेच्या सिलखाली (दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीखाली), कारखान्याने नेमून दिलेल्या जागी लावायचे असतात, आणि या गाडीच्या बाबतीत इथेच थबकावे. छताच्या कापडावरून उतरणारे पावसाचे पाणी ज्या नळ्यांतून खाली जाते त्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी सिलमध्ये साचते, आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग शाबूत दिसत असला तरी पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करून पाहावे. ठणठणीत आवाज आला तर स्टँड लावावा. भद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर तिथे लावू नये, सबफ्रेमच्या भक्कम भागाखाली लावावा आणि सिलची दुरुस्ती आधी करून घ्यावी. स्टँडवर गाडी टेकवल्यावर जॅक किंचित सैल करून, काही जड हालचाल करण्यापूर्वी गाडीला कमरेने दोन-चार धक्के द्यावेत. ती हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हललेली बरी. काढलेली चाके सिलखाली आडवी सरकवून ठेवावीत, म्हणजे स्टँड घसरलाच तरी गाडी चाकावर अडेल. जॅकच्या भरवशावर कोणीही, एका मिनिटासाठीही, गाडीखाली जायचे नाही.

पुढचे शॉक काढणे

बॉनेट उघडले की दोन्ही बाजूंना शॉकचे माथे दिसतात. प्रत्येकावर दोन नट आहेत. मधला तिसरा नट दांडीचा आहे, आणि स्प्रिंगला तोच दाबून धरतो. गाडीवर असताना त्याला हात लावू नये. हे वाक्य दोनदा वाचावे.

आधी अँटी-रोल बारच्या, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणाऱ्या आडव्या दांडीच्या, लिंक दोन्ही बाजूंच्या सोडवाव्यात. एकच सोडवली तर दुसऱ्या बाजूची लिंक बार पिळून धरते आणि आर्म खाली येत नाही. नवशिका मग तासभर जोर लावत बसतो. त्यानंतर शॉकचा खालचा बोल्ट काढावा. नट निघाला आणि बोल्ट जागचा हलत नसेल तर आट्यांवर हातोडा मारू नये. नट परत दोन-तीन आटे चढवून, त्याचे तोंड बोल्टच्या टोकाशी सपाट आणून मग त्यावर तांब्याच्या किंवा पितळेच्या ठोकळ्यावरून मारावे. जाम बोल्ट सोडवताना पहिला हिसका आवळण्याच्या दिशेने द्यावा. गंजाची पकड त्या किंचित हालचालीने फुटते आणि मग तो उलट दिशेने येतो. ‘करकर’ असा कोरडा आवाज आला तर तो गंज आहे, पुढे चालावे. पाना मऊ, लोण्यातून गेल्यासारखा फिरू लागला तर थांबावे, कारण बोल्ट पिळवटतो आहे.

आता वरचे दोन नट काढले तरी शॉक बाहेर यायला जागा नसते. खालचा आर्म लांब पहारीने दाबून धरत शॉक तिरका ओढून काढणारे लोक आहेत, पण त्याला दोन माणसे आणि बरीच शिवीगाळ लागते. मला बरी वाटते ती दुसरी रीत: वरच्या आर्मच्या मुळातून आरपार गेलेला लांब बोल्ट काढायचा. तो काढला की आर्म, नकल (दोन्ही आर्मांच्या टोकांना जोडलेला, चाक धरणारा धातूचा भाग) आणि डिस्क असे सगळे मिळून बाहेरच्या बाजूला कलते आणि शॉक सहज निघतो. त्या बोल्टने चाकाचे कोन बदलत नाहीत, कारण या गाडीत कोन बदलणाऱ्या उत्केंद्री (भोक मध्यापासून सरकलेल्या) चकत्या खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टांवर आहेत. अंशांच्या खुणा असलेल्या त्या चकत्यांना मात्र हात लावू नये. कललेला सगळा भार ब्रेकच्या रबरी नळीवर येऊ देऊ नये. आर्म दोरीने किंवा जाड तारेने सांगाड्याला बांधून ठेवावा, आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत त्याची बारीक वायर ताणली जात नाही ना तेही पाहावे.

एक बाजू पूर्ण बसवून होईपर्यंत दुसरी बाजू उघडू नये. कुठला वॉशर कुठे होता हे विसरले की शेजारी एक जिवंत नमुना हवा.

स्प्रिंग

बाहेर काढलेला शॉक जमिनीवर आडवा ठेवून आधी फोटो घ्यावेत, आणि पांढऱ्या रंगाने तीन खुणा कराव्यात: वरच्या माउंटातल्या, नट बसतात त्या दोन खिळ्यांची रेषा, खालचा बोल्ट जातो त्या डोळ्याची दिशा आणि स्प्रिंगचे टोक खालच्या ताटलीत जिथे टेकते ती जागा. या तिघांचा एकमेकांशी असलेला कोन नव्या शॉकवर जसाच्या तसा यायला हवा, नाहीतर वरचे खिळे भोकांत जातात पण खालचा डोळा आर्मच्या बेचक्यात बसत नाही, आणि सगळे पुन्हा उघडावे लागते.

स्प्रिंगला दोन आकडे समोरासमोर लावावेत, शक्य तितक्या जास्त वेढ्यांना पकडतील असे. मग हाताच्या पान्याने, एकीकडे दोन फेरे तर दुसरीकडे दोन फेरे, असे आळीपाळीने आवळत जावे. हवेचा किंवा विजेचा पाना इथे वापरू नये. माउंट हाताने फिरवून पाहता तो सैल फिरू लागला की स्प्रिंगचा भार आकड्यांवर आला असे समजावे आणि तिथेच थांबावे. याहून अधिक दाबण्याने काही मिळत नाही, फक्त ताकद साठते. मधला नट काढताना शॉकचे तोंड भिंतीकडे असावे, तुमचे तोंड त्याच्या रेषेत नसावे, आणि मुलांना व कुत्र्याला घरात पाठवलेले असावे. या पायरीवर मन कच खात असेल तर सगळे चार शॉक तसेच पिशवीत घालून जवळच्या गॅरेजात न्यावेत आणि स्प्रिंगा तेवढ्या बदलून आणाव्यात. बहुतेक गॅरेजवाले अर्ध्या-पाऊण तासाची मजुरी घेऊन हे काम करून देतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

जुने भाग काढताना ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कापडावर ओळीने मांडावेत. माउंटाखालचे आणि वरचे वॉशर बशीसारखे खोलगट असतात. त्यांचे तोंड कुठल्या बाजूला होते हे फोटोत दिसले पाहिजे, कारण एक वॉशर उलटा बसला तर पुढे प्रत्येक खड्ड्यात ‘टक’ असा आवाज येतो आणि कारण सापडत नाही.

नवा शॉक खोक्यातून आडवा आलेला असतो. दोननळी शॉक असेल तर तो उभा धरून दांडी चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करावी, म्हणजे आत भलत्या जागी गेलेली हवा वर निघून जाते. पहिल्या एक-दोन वेळा दांडी मध्येच पोकळ लागते आणि मग सगळीकडे सारखी जड होते, तो फरक हाताला स्पष्ट कळतो. कमीजास्त होणारा शॉक असेल तर दोन्ही बाजू सर्वांत मऊ स्थितीवर ठेवून सुरुवात करावी. दांडीचा नट आवळताना दांडीही बरोबर फिरू लागते. तिला पक्कडीने धरण्याचा मोह टाळावा. दांडीच्या चकचकीत पृष्ठावर पक्कडीच्या दातांचा एक ओरखडा उठला तरी तो प्रत्येक उसळीला तेल अडवणाऱ्या रबराला कापत जातो, आणि नवा शॉक काही महिन्यांत गळू लागतो. दांडीच्या टोकाला धरण्यासाठी कापलेली सपाट बाजू किंवा षट्कोनी खाच दिलेली असते. तिथेच चावी लावून नट फिरवावा.

बसवणे, आणि मागची बाजू

बसवण्याचा क्रम काढण्याच्या उलट आहे. शॉक आधी वरच्या भोकांत घालून दोन्ही नट नुसते बोटांनी लावावेत, मग खालचा डोळा बेचक्यात आणावा, मग वरच्या आर्मचा लांब बोल्ट. बोल्ट आत सरकत नसेल तर ठोकू नये. खालून जॅकने आर्म सावकाश वर-खाली करत एका डोळ्याने भोकात पाहत राहावे. भोकांच्या दोन काळ्या चंद्रकोरी एकमेकींवर सरकत जाऊन पूर्ण गोल दिसला की बोल्ट बोटाने जातो. बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे पुढच्या खेपेला तो रडवणार नाही. वरचे दोन नट आत्ताच आवळून टाकावेत, साधारण २९ ते ३६ न्यूटन-मीटर (टॉर्क पान्यावरचे जोराचे माप). हे आकडे छोटे आहेत आणि खिळे बारीक आहेत, त्यामुळे अंदाजाने जोर लावणाऱ्याच्या हातात खिळा तुटून येतो. बाकीचे बोल्ट सध्या फक्त हलणार नाहीत इतके लावून ठेवावेत.

मागचे शॉक यांत्रिकदृष्ट्या सारखेच आहेत, पण त्यांचे वरचे नट डिकीत, कडेच्या अस्तरामागे आहेत. उजवीकडे बॅटरी आहे. पाना चुकून तिच्या टोकाला लागू नये म्हणून तिची ऋण तार आधी सोडवावी. डावीकडे पेट्रोल भरण्याची नळी आडवी येते आणि तिच्यामागच्या नटापर्यंत जाण्यासाठी लांब एक्स्टेन्शनला मान वळणारा सांधा लावून, दिसत नसलेल्या नटावर सॉकेट केवळ स्पर्शाने बसवावा लागतो. मनगटातले घड्याळ आणि अंगठी काढून ठेवावी. सॉकेटच्या आत थोडे ग्रीस लावले की नट त्यात चिकटून राहतो. तो निसटून अस्तराखाली गेला की अर्धा तास गेलाच.

खाली, चाकाच्या नकलला धरणारा लांब आडवा बोल्ट काढला तर मागेही भरपूर जागा मिळते. पण मिठाच्या देशात हाच बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी अस्तराच्या) आतल्या नळीशी एकजीव होऊन बसलेला असतो. दोन-चार प्रामाणिक प्रयत्नांत तो हलला नाही तर त्याचा नाद सोडावा. दोन्हीकडच्या लिंक आणि शॉकचा खालचा बोल्ट काढून, आर्म पहारीने खाली दाबून धरायला एक मदतनीस घ्यावा आणि शॉक तिरका काढावा. शॉक बदलायला बसलेल्या माणसाने रविवारी संध्याकाळी अख्खी मागची बाजू कापायला घेण्याची गरज नसते.

शेवटचे आवळणे

आता ती फजिती. पहिल्या खेपेला मी चारही कोपरे बसवले, गाडी स्टँडवर आणि चाके लोंबकळत असतानाच प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने नियमाप्रमाणे आवळला आणि अभिमानाने गाडी खाली घेतली. ती दीड-दोन सेंटीमीटर उंच उभी राहिली. मी मनात म्हणालो, नव्या शॉकमुळे असेल, बसेल हळूहळू. ती बसली नाही. सावकाश चालवताना जुन्या पलंगासारखी कुरकुरू लागली, आणि पुढच्या तपासणीला वरच्या आर्मच्या दोन बुशांचे रबर फाटलेले निघाले.

कारण असे, की या बुशांत काही फिरत नाही. बाहेरची पोलादी नळी आर्मला घट्ट असते, आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळली जाते, आणि दोहोंच्या मध्ये दोघींना चिकटवलेले रबर असते. आर्म वरखाली होतो तो केवळ हे रबर पिळले जाते म्हणून. बोल्ट आवळला त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल तो कोन रबराच्या दृष्टीने विश्रांतीचा. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी नुसती उभी असतानाही ते रबर दिवसरात्र पिळलेले राहते, गाडीला वर ढकलत राहते आणि शेवटी फाटते.

म्हणून रबरी बुशांतून जाणारा प्रत्येक बोल्ट, म्हणजे शॉकचा खालचा, पुढच्या वरच्या आर्मचा लांब आणि मागे काढला असल्यास नकलचा, चाक त्याच्या नेहमीच्या उंचीवर असतानाच आवळायचा. गाडी इतकी बुटकी आहे की चाके जमिनीवर टेकल्यावर खाली हात जात नाही. तिथे सुरुवातीला चिकटपट्टीवर लिहून ठेवलेले आकडे कामी येतात. स्टँड जागीच ठेवून, जॅक खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लाकडाचा तुकडा घालून लावावा आणि हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, मध्यापासून कमानीच्या काठापर्यंतचे अंतर लिहिलेल्या आकड्याएवढे होईपर्यंत सावकाश वर घ्यावे. त्या उंचीला त्या कोपऱ्याचे जवळजवळ सगळे वजन स्प्रिंगवर आलेले असते, त्यामुळे सांगाडा स्टँडवरून उचलला जाण्याच्या बेतात येतो. स्टँड आणि पत्रा यांच्यात फट दिसायच्या आत थांबावे. आकडा पाच-सात मिलिमीटर कमी-जास्त राहिला तरी चालतो, सांगाडा स्टँडवरून सुटलेला चालत नाही. मग शॉकचा खालचा बोल्ट ७३ ते ९३ न्यूटन-मीटर, आणि लांब बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे. अँटी-रोल बारच्या लिंक सगळ्यांत शेवटी लावाव्यात, दोन्ही बाजू सारख्या उंचीवर असताना.

आवळलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर रंगाचा एक ठिपका द्यावा. दमलेला माणूस ‘हा झाला असावा’ असे म्हणतो; ठिपका असेल तर असावा-नसावाचा प्रश्न राहत नाही.

चाके लावून गाडी जमिनीवर आली की त्यांचे नट समोरासमोरच्या क्रमाने, ८८ ते ११८ न्यूटन-मीटरला आवळावेत, आणि ब्रेकचे पेडल दोन-तीनदा दाबून पाहावे. पहिली फेरी जवळच्या रिकाम्या रस्त्यावर, खिडक्या उघड्या आणि रेडिओ बंद ठेवून, सायकलच्या वेगाने घ्यावी. गतिरोधकावरून जाताना ‘टक’ असा एकच आवाज आला तर दांडीचा नट सैल आहे किंवा तो खोलगट वॉशर उलटा बसला आहे. खडखड आवाज आला तर बहुतेक लिंक. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर फेरी तिथेच थांबवून परतावे.

साधारण ८० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि शॉकचे वरचे नट पुन्हा तपासावेत. दीड-दोनशे किलोमीटरनंतर चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, आणि ते करणाऱ्याला चालकाच्या आसनावर तुमच्या वजनाएवढा भार ठेवायला सांगावे, कारण एवढ्या हलक्या गाडीत चालक बसला की उजवा कोपरा खाली जातो आणि रिकाम्या गाडीवर लावलेले कोन बदलतात. जुन्या शॉकमध्ये तेल असते आणि कित्येकांत दाबाखालचा वायूही. ते कापू नयेत, जाळू नयेत, कचऱ्याच्या पेटीत टाकू नयेत. नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रात धातूच्या विभागावरच्या माणसाला तसे सांगून त्याच्या हवाली करावेत.